आजोबांच्या आत्याच्या नातवाला लिहिताना

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. इंदूरहून आलेल्या पत्राची छायाप्रत आणि सोबतची तुझी चिठ्ठी, दोन्ही पोचलं. ते गृहस्थ लिहितात की त्यांची आजी तुमच्या घरची लेक, म्हणजे तुझ्या आजोबांची आत्या. तू म्हणतेस, घरातल्या वंशावळीत अशी कुणी बाईच नाही. मग हे नातं खरं मानायचं का, आणि मानलं तर एवढ्या लांबच्या माणसाला घरातलं किती सांगायचं, हे तू विचारलं आहेस.

वंशावळीत ती नाही, यावरून काहीच ठरत नाही. तुमच्या कपाटातली ती गुंडाळी मी पाहिली आहे. बापाखाली मुलगे, मुलग्यांखाली त्यांचे मुलगे. सुनांचीसुद्धा नावं नाहीत. आपल्याकडच्या जुन्या वंशावळी बहुतेक अशाच असतात, कारण त्या आठवण राहावी म्हणून लिहिलेल्या नव्हत्या. वतन, इनाम, जमीन कुणाकडून कुणाकडे आली हे दाखवायला, वाद पडला तर सरकारदरबारी पुढे करायला त्या लिहिल्या गेल्या. ज्याला वाटा मिळायचा तो कागदावर आला. लेकीला वाटा नव्हता, म्हणून तिच्या नावाची ओळही नव्हती.

बातमीचंही तसंच होत गेलं. भावकीत कुणी गेलं की सुतक पाळायचं, त्यामुळे ती बातमी पोचवावीच लागे. तीन-चार पिढ्यांपूर्वी वेगळं झालेलं घर असो, बोलणं बंद असो, मयताचा निरोप जायचा. दिलेल्या लेकीच्या बाबतीत हे बंधन जेमतेम तिच्या हयातीपुरतं टिकायचं. आईबाप गेले, भाऊ गेले, की तिच्या मुलांना मामाचं घर तेवढं माहीत असायचं, नातवंडांना फक्त गावाचं नाव, आणि त्यापुढे तेही नाही. म्हणून एवढ्या काळानंतर अचानक पत्र लिहिणारं माणूस बहुतेक वेळा एखाद्या लेकीच्या वंशातलं निघतं. लोकांचे जुने कागद वाचून देताना मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. तुमच्या वंशावळीत जी अर्धी माणसं नाहीत, त्यांच्यातल्या एकीचा नातू आज तुझ्याशी बोलू पाहतो आहे. हे पत्र आलं याचा मला फार आनंद झाला, तोही तुला आधीच सांगून टाकते.

खात्री मात्र करायचीच. नात्याचं सोंग करून पैसे उकळणारे लोकही हल्ली आहेत, आणि प्रामाणिक माणसाचीही गल्लत होऊ शकते. एकाच आडनावाची, एकाच गावची चार घरं असतात. खात्री करताना एवढं सांभाळ, की उत्तर तुझ्या प्रश्नातच येऊ देऊ नकोस. ‘तुमच्या आजीचा भाऊ शाळामास्तर होता ना?’ असं विचारलंस तर आशेनं बसलेला माणूस ‘हो, तसंच असेल’ म्हणणार. त्यापेक्षा ‘आजी माहेरच्या माणसांबद्दल काय सांगायच्या?’ असं विचार आणि थांब. कुलदैवत कोणतं सांगायच्या, भाऊ किती आणि काय करायचे, माहेरच्या घराजवळ काय होतं, नदी, देऊळ, वेस. शंभरातल्या नव्वद गोष्टी जुळणार नाहीत, पण खरं नातं असेल तर एखादी अशी जुळते की बाहेरच्याला ती माहीत असणंच शक्य नसतं.

नावाच्या बाबतीत विशेष जप. त्यांनी पत्रात आजीचं सासरचं नाव दिलं आहे, आणि तुझ्या आजीला त्या नावाची कुणी आठवत नाही. यात नवल नाही. लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत तेव्हा घरोघरी होती. माहेरी ती एका नावानं जन्मली, एका लाडक्या नावानं वाढली, आणि सासरी तिसऱ्याच नावानं मेली. इंदूरच्या कागदांत एक नाव असेल, तुमच्या कागदांत दुसरं, आणि तुझ्या आजीच्या तोंडी फक्त ‘थोरल्या आत्याबाई’ किंवा तसलंच काही. तेव्हा आजीला नाव विचारू नकोस. ‘इंदुराकडे कुणाकुणाला दिलं होतं?’ असं विचार. आपल्या म्हाताऱ्या बायकांना गावं आठवतात. कोण कुठे दिली हे त्यांच्या मनात पक्कं असतं.

घरात शोधायच्या जागा सांगते. लग्नातल्या आहेराच्या वह्या असतील तर त्या आधी काढ. कुणी किती आहेर केला हे लिहिताना मामा, मावशी, आत्या, त्यांची गावं सगळं आलेलं असतं, आणि ते परतफेडीच्या हिशेबासाठी असल्यामुळे चोख लिहिलेलं असतं. मग भांडी. माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली उतरव आणि काठाखालची अक्षरं वाच. कुणी, कुणाला, कोणत्या प्रसंगी दिलं, कधीकधी तारखेसकट, तिथे ठोकलेलं असतं. ज्या बाईचं नाव कुठल्याच वहीत नाही तिचं नाव एखाद्या घंगाळावर सापडतं. मयताच्या पत्रांवर मात्र भिस्त ठेवू नकोस. वाईट बातमीचं पत्र वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, अशी समजूत खूप घरांत होती. पत्रांच्या गठ्ठ्यात लग्नं, बारशी, परीक्षेचे निकाल सगळं मिळतं आणि मरणं तेवढी गायब असतात, त्याचं कारण हे.

बाहेरच्या कागदांत कोतवाल बुक म्हणून जी जन्ममृत्यूची जुनी नोंदवही असते, गाव नमुना १४, तिची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मागता येते. तिथे बापाच्या नावाखाली मुलगा झाला की मुलगी, एवढं तरी कळेल. वारसाच्या फेरफारांत, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर चढवल्याच्या नोंदींत, लेकींची नावं येतात, पण ती बहुतेक १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर. वडिलांच्या मागे मुलगीही वारस, हे त्या कायद्यानं आलं. तुझे खापरपणजोबा त्याच्या कितीतरी आधी गेले असणार, तेव्हा त्यांच्या फेरफारात ही आत्या सापडेल अशी आशा नको. पुढच्या पिढीतल्या बायका मात्र सापडतील, आणि बऱ्याचदा हक्कसोडपत्रावर अंगठा देताना सापडतील. ते कागद वाचताना घाई करू नकोस. घराच्या इतिहासात त्या बाईनं केलेली तेवढी एकच सही असू शकते.

जुन्या नोंदीत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ आणि ‘भ्र.’ म्हणजे अमक्याची बायको, ‘अ.पा.क.’ म्हणजे मूल अज्ञान आहे आणि पुढे लिहिलाय तो पालनकर्ता, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे शेवटचं फार महत्त्वाचं. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव दिसलं म्हणून धाकटे भाऊ नव्हते असं कुणी समजू नये. इंदूरच्या काकांना नक्कल पाठवशील तेव्हा या खुणांचा अर्थ बाजूला लिहून पाठव. त्यांनी असले कागद पाहिले नसतील.

त्यांना काका म्हण, बरं का. तुझे आजोबा आणि त्यांचे वडील ही मामे-आते भावंडं, म्हणजे काका तुझ्या वडिलांच्या बरोबरीचे. पत्रात त्यांनी तुला ‘आपण’ लिहिलंय ते संकोचानं. तू पहिल्याच पत्रात ‘काका’ लिहिलंस की तो संकोच जाईल.

आता काय सांगायचं. पहिल्या पत्रात आधी दे, मग माग. लोक उलटं करतात. दोन ओळी ओळखीच्या आणि खाली वीस प्रश्नांची यादी. समोरच्याला वाटतं, आपल्याला कामाला लावलंय. तू पणजोबांचा तो अंगरख्यातला फोटो पाठव, पुढची बाजू आणि मागचीही. मागे फोटोवाल्याचा शिक्का आहे, कुणीतरी शाईनं काही लिहिलं आहे. ते त्यांना पुढच्या चेहऱ्याइतकंच उपयोगी पडेल. घरातल्या तीन पिढ्या एका कागदावर साध्या मांडून पाठव, आणि या वेळी सुना आणि लेकी धरून मांड. त्यांच्या आजीची जागा भावांच्या शेजारी आखून ठेव, नावाची जागा कोरी सोड. ती त्यांना भरू दे. आणि गोष्ट एकच सांग, पण पूर्ण. चाळीस फोटो आणि सगळा इतिहास एका रात्रीत मोबाइलवर ढकलून दिला तर त्यातलं काहीच मनात उतरत नाही.

घरगुती हाका लिहिताना प्रत्येकाचं खरं नाव एकदा तरी लिही. तुमच्याकडे दोन नाना आहेत, आणि त्यांच्याकडेही एक नाना असणारच. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे एका घरात तीन गणपत निघतात. कोणता गणपत, कुणाचा मुलगा, हे दरवेळी लिहायला कंटाळा येतो, पण तो कंटाळा सोसायचा.

यापुढचं जे सांगते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जे सांगशील त्याच्याबरोबर ते कुठून आलं तेही सांग. कागदात तू स्वतः वाचलेलं वेगळं. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं सांगितलेलं वेगळं. आणि घरात पूर्वापार बोललं जातं ते वेगळं. तिन्हीची किंमत आहे, पण तिन्ही एका सुरात सांगितलीस तर समोरच्याला फरक कळायला मार्गच राहत नाही. तुमचे मूळपुरुष पेशव्यांच्या फौजेबरोबर उत्तरेत गेले होते, असं तुझे वडील सांगतात. असेलही. पण त्याला एकही कागद मी तुमच्याकडे पाहिलेला नाही. हे काकांना कळवताना ‘आमच्या घरात असं सांगतात’ एवढंच लिही. तू खात्रीनं लिहिलंस की ते इंदूरच्या घरात खात्रीनं सांगितलं जाईल. दहा वर्षांनी तिकडचं कुणी ते छापील कुलवृत्तांतात देईल. आणि मग तुझ्याच घरातला एखादा मुलगा म्हणेल, बघा, इंदूरच्या शाखेतही हीच माहिती आहे, म्हणजे दोन्हीकडून पुरावा मिळाला. एकच ऐकीव गोष्ट फिरून आली आणि पुरावा होऊन बसली. मी हे होताना पाहिलं आहे, आणि एकदा छापलं गेलं की ते मागे घेता येत नाही.

तारखांनाही हाच न्याय लाव. माझ्या शाळेच्या जनरल रजिस्टरात पानंच्या पानं अशी आहेत जिथे सगळ्या मुलांचा जन्म १ जूनचा. आईबापांना तारीख ठाऊक नसे, प्रवेशाचं वय बसवायला मास्तर १ जून घालून टाकत. तुझ्या आजोबांच्या दाखल्यावरही तीच तारीख आहे. ती ‘दाखल्यावरची’ म्हणून कळव. जुन्या कागदावर शके साल असेल तर इसवी सन काढायला ७८ मिळव. पण वर्ष चैत्रात पालटतं, म्हणून पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९ धरावे लागतात. शके १८४० च्या माघातला जन्म म्हणजे १९१९ चा, १९१८ चा नव्हे. फसली साल, म्हणजे सारावसुलीचं जुनं साल, असेल तर ५९० मिळवायचे, जानेवारीपासूनचे महिने असतील तर ५९१. मूळ आकडा मात्र कधी खोडू नकोस. मूळ लिही, शेजारी तुझा हिशेब लिही, म्हणजे तुझी बेरीज चुकली असेल तर पुढच्याला दुरुस्त करता येईल.

म्हातारी माणसं साल सांगत नाहीत, प्रसंग सांगतात. ‘मानमोडीच्या साथीत गेला’ म्हणजे बहुधा १९१८ चा इन्फ्लुएंझा. ‘कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ती पोटुशी होती’ म्हणजे ११ डिसेंबर १९६७ च्या आसपास. ‘बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायचो’ हे तर तुझ्या आजीकडूनच तू ऐकलं असशील. ‘प्लेगच्या साली’ एवढ्यावर मात्र थांबू नकोस. प्लेग मुंबईत १८९६ साली आला आणि पुढे कितीतरी वर्षं गावोगाव फिरत राहिला. प्रत्येक गावाचं प्लेगचं साल वेगळं. त्या वेळी घरात कोण कोण होतं, कुणाचं लग्न झालं होतं, माळावर झोपड्या बांधून कोण राहिलं होतं, हे विचारलंस तर साल आपोआप जवळ येईल. आजीशी बोलताना फोनवर ध्वनिमुद्रण कर, तिला सांगून कर, आणि मध्ये दुरुस्त्या करू नकोस. तिला विसंगत बोलू दे. कालचं आणि आजचं जुळलं नाही तर दोन्ही लिहून ठेव.

आणि आता ती गोष्ट, जी तू चिठ्ठीच्या शेवटी घाईघाईत लिहिलीस. आजी म्हणाली, की इंदुराकडे दिलेली एक आत्या विधवा झाल्यावर लहान मुलाला घेऊन माहेरी आली होती, आणि भावानं, म्हणजे तुझ्या पणजोबांनी, तिला ठेवून घेतलं नाही. चार दिवसांनी ती परत गेली ती गेलीच. तू विचारतेस, हे काकांना सांगायचं का.

सांगायचं. ते पत्र मी दोनदा वाचलं, आणि मला वाटतं त्यांचा खरा प्रश्न हाच आहे. त्यांनी सरळ विचारलेला नाही. ‘आजी माहेरचं नाव काढत नसे, वडिलांनाही कधी मामाच्या गावी नेलं नाही’ असं एक वाक्य मध्येच टाकलं आहे आणि लगेच पुढे कुलदैवताबद्दल विचारलं आहे. तो लहान मुलगा म्हणजे त्यांचे वडील. आपल्या बापाला मामानं दारातून परत पाठवलं, हे त्यांनी थोडंफार ऐकलेलं असेल किंवा नसेल. पण काहीतरी घडलं होतं हे त्यांना माहीत आहे. तू हे झाकून फक्त अंगरख्यातल्या पणजोबांचा कर्तबगारपणा लिहीत राहिलीस तर ते खोटं होईल. शब्द खरे असतील, पण पत्र खोटं असेल.

पण पहिल्या पत्रात नाही. कागदावर तर नाहीच. आधी दोन-चार पत्रं जाऊ देत, एकमेकांची ओळख होऊ दे, आणि मग फोनवर बोल, शक्य झालं तर समोर बसून. लिहिलेल्या ओळीवर माणूस एकटाच बसून राहतो, लगेच काही विचारता येत नाही. त्याआधी आजीला विचार. ही गोष्ट तिच्या तोंडून आलेली आहे, तिनं इतकी वर्षं ती पोटात ठेवली होती. ‘इंदूरच्या काकांना हे सांगू का?’ असं स्वच्छ विचार. ती कदाचित म्हणेल, मीच बोलते. तसं झालं तर फार चांगलं. तू फक्त फोन लावून दे आणि बाहेर जा.

सांगताना पणजोबांची बाजू मांडू नकोस आणि त्यांना गुन्हेगारही करू नकोस. त्या साली घरात खाणारी तोंडं किती होती, पणजोबांचं वय काय होतं, कर्ज होतं का, विधवा बहिणीला घरात ठेवण्याबद्दल गाव काय बोलायचं, हे तुला कागदावरून आणि आजीकडून कळेल तेवढं सांग. ते समजावणं आहे, माफी नाही. घरातर्फे माफी मागायची इच्छा तुला होईल. ती तुझ्या वडिलांनी मागावी असं मला वाटतं, तू त्यांना तसं सुचवू शकतेस. आजीनं ही घटना स्वतः पाहिलेली नाही हेही काकांना सांग. ती नंतर सून म्हणून आली, तिला सासूनं सांगितलं. सासू म्हणजे ज्या भावानं परत पाठवलं त्याची बायको. तिनं ती गोष्ट सुनेला का सांगितली असेल, याचा मी तुझी चिठ्ठी वाचल्यापासून विचार करते आहे. कदाचित तिला त्या नणंदेला ठेवून घ्यायचं होतं.

गेलेल्या माणसांबद्दल मी इतकी मोकळी आहे, पण हयात माणसांबद्दल तितकीच कडक. तुझ्या चुलत बहिणीचा घटस्फोट, धाकट्या काकांचं आजारपण, कुणाचं कर्ज, कुणाचं मूल दत्तक आहे, या बातम्या तुझ्या नाहीत. ज्याची त्यानं द्याव्या. ‘सगळे कसे आहेत’ या प्रश्नाला ‘बरे आहेत’ हे उत्तर कमी पडतं असं वाटलं तर तुझ्याबद्दल भरभरून लिही, तुझ्या नोकरीबद्दल, वाचनाबद्दल. ते तुझंच आहे. दत्तकाच्या बाबतीत तर तोंड घट्ट मिटून ठेव. त्या मुलाला स्वतःला ठाऊक नसलेली गोष्ट इंदूरहून फिरून त्याच्या कानावर जाणं, यासारखं वाईट काही नाही. घराच्या व्हॉट्सॲप गटात काकांना परस्पर घेऊ नकोस. आधी गटाला विचार, मग काकांना विचार. आणि जन्मतारखा, आईचं माहेरचं आडनाव, आधारकार्ड, सातबाऱ्याचे फोटो, यातलं काही संदेशातून पाठवू नकोस. बँका ओळख पटवायला असलीच माहिती विचारतात.

एका बाबतीत अपवाद आहे, आजारांचा. चाळिशीच्या आत हृदयविकारानं गेलेली माणसं, लहानपणी गेलेली एकापाठोपाठची मुलं, रक्ताचे आजार, हे गेलेल्या माणसांपुरतं सांगून ठेवावं. एवढ्या लांबच्या नात्यात रक्त थोडंच सामाईक असतं, मामे-आते भावंडांपेक्षा एक पायरी पुढे गेलं की आणखी पातळ. तरी पिढ्यान्‌पिढ्या उतरणारा आजार असेल तर त्यांच्या डॉक्टरला त्याचा उपयोग होऊ शकतो.

तुझ्या वडिलांना पत्र आल्यापासून जमिनीची धास्ती वाटते आहे, हे तू लिहिलं नाहीस, पण ते मला फोनवर बोलले. त्यांच्यावर रागावू नकोस. आत्याच्या वंशातलं कुणी जुनं काही विचारू लागलं की वाटा मागायला आलं असं वाटणं, हे आपल्या घरांच्या अनुभवातून आलेलं आहे. त्यांच्यापासून लपवून पत्रव्यवहार केलास तर ती धास्ती खरी ठरल्यासारखी होईल. पत्र टाकण्यापूर्वी त्यांना वाचायला दे, खाली त्यांच्या हातच्या दोन ओळी घे. जमिनीचा विषय तू काढू नकोस. काकांनी काढला तर ‘ते वडील पाहतात’ एवढं लिही. पण मला त्या पत्रात तसा वास कुठेच आला नाही.

तुझ्याकडून गेलेल्या प्रत्येक पत्राची प्रत ठेव, मोबाइलवरचे संदेशही महिन्याकाठी कागदावर उतरवून तारीख घाल. फोन बदलतात. फोटोंच्या मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं, कडेला. बॉलपेन उमटतं पुढच्या बाजूला. डावीकडून उजवीकडे कोण, हे आजी आहे तोवर लिहून घे.

काकांनी वयाची सत्तरी ओलांडली आहे असं पत्रावरून दिसतं, आणि आजीचं तर तुला ठाऊकच आहे. त्यामुळे सगळी माहिती गोळा झाल्यावर सविस्तर लिहीन असं म्हणत बसू नकोस. या आठवड्यात छोटं उत्तर जाऊ दे: पत्र मिळालं, फार आनंद झाला, शोधते आहे, सोबत फोटो पाठवते. बाकीचं मागून.

चिठ्ठीत तू म्हटलेला मोडी कागद मला पाठव. सपाट ठेवून, उजेड तिरपा न पडू देता फोटो काढ, चारही कडा दिसू देत, आणि घडीच्या जागी दाबून उलगडू नकोस, तिथेच फाटतो. मागची बाजू कोरी असली तरी तिचाही फोटो हवा.

घरात सर्वांना नमस्कार. आजीला माझी आठवण सांग.

तुझ्या,
बाई